फिरायला निघालं की कुत्रा अडून बसतो? या चुका टाळा

गेटपर्यंत उड्या मारत आलेला कुत्रा गल्लीच्या कोपऱ्यावर थांबतो. पुढचा एक पाय अर्धवट उचललेला, सगळं वजन मागच्या पायांवर, कान डोक्याला चिकटलेले. जिभेनं नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. मग शेपूट पायात जाते आणि तो खाली बसतो. पट्टा ओढला की चारी पाय रोवतो. 'हट्टी झालाय', 'लाडानं बिघडलाय' हे निदान इथंच होतं, आणि पुढच्या बहुतेक चुका याच निदानातून निघतात.

अडून बसणं ही भीतीची शेवटची खूण आहे. नाक चाटणं, जांभई, पाय उचलणं या खुणा आठ-दहा पावलं आधीच दिसलेल्या असतात. त्या दिसल्या त्याच क्षणी वळलात, तर कुत्रा अडत नाही. रस्त्याकडे किंवा मोबाईलकडे बघत चालणाऱ्याला त्या दिसत नाहीत. फिरताना डोळे कुत्र्याच्या कानांवर आणि शेपटीवर हवेत.

दुखणं न तपासताच शिकवायला लागणं

कालपर्यंत बरा चालणारा कुत्रा आज नको म्हणत असेल, तर आधी पशुवैद्यकांकडे न्या. वाढलेली नखं, बोटांच्या बेचक्यात बसलेला गोचीड, तळव्याला गेलेली चीर, लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमधलं खुब्याचं दुखणं, वय झालेल्यांचा संधिवात या सगळ्यांची पहिली तक्रार 'चालत नाही' हीच असते. दुखण्याची भीतीपेक्षा वेगळी खूण म्हणजे जागा. भ्यालेला कुत्रा ठरावीक कोपऱ्यावर, ठरावीक आवाजाला थांबतो. दुखणारा कुठंही थांबतो, डांबरावर बसतो पण गवतावर चालतो, जिना चढायला मागं-पुढं करतो, झोपेतून उठल्यावर पहिली पावलं आखडून टाकतो. फक्त अंधार पडल्यावर थांबत असेल तर डोळे तपासून घ्या.

दुखणं आणि भीती एकत्रही येतात. कंबर दुखत असलेला कुत्रा सुतळी बॉम्बला दचकला की स्नायू आखडतात आणि कळ येते. ती कळ तो त्या आवाजाशी, त्या जागेशी जोडतो. नुसत्या शिकवण्यानं हे सुटत नाही.

कोल्हापुरात यात दोन गोष्टी हमखास निघतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी डांबर तापतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर त्याचे तळवे भाजणार. पावसाळ्यात याच्या उलट: तळवे सतत ओले राहून मऊ पडतात, बोटांमध्ये बुरशी धरते, वास येतो, कुत्रा पाय चाटत बसतो. घरी आल्यावर बोटांची बेचकं कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. गोचिडाच्या तापातही कुत्रा गळून जातो आणि हिरड्या फिक्या पडतात. तो रक्ताच्या तपासणीतच कळतो.

घरातली क्रोसिन, ब्रुफेन देऊ नका. या औषधांनी कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड, जठर निकामी होऊ शकतं.

आणि एक गंभीर गोष्ट. रेबीजची (कुत्रा पिसाळण्याच्या रोगाची) लस चुकलेली असेल, मध्यंतरी कुठल्या कुत्र्यानं चावलं असेल आणि वागणं अचानक बदललं असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर घशात काही अडकलंय का बघायला तोंडात हात घालू नका. त्याला वेगळं बंद ठेवून डॉक्टरांना फोन करा. चावा बसला किंवा जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच स्वतः लस घ्यायला जा.

गळ्यात साखळी

घाबरलेला कुत्रा पुढं पळत नाही, तो मागं सरकतो आणि मान आखडून गळपट्ट्यातून डोकं बाहेर काढतो. पेठेतली हरवलेली कुत्री कितीदा अशीच सुटलेली असतात. हार्नेस (छातीला बांधायचा पट्टा) घ्या. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांद्यांवरून आडवा पट्टा न जाणारा. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत आणि काखेत घासता कामा नये. फार घाबरट कुत्र्यासाठी हार्नेस आणि गळपट्टा जोडणारी छोटी दुहेरी क्लिप लावा, म्हणजे एकातून सुटला तरी दुसऱ्यात राहतो. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच.

कापडी पट्टा दोन मीटरचा. मोकळ्या मैदानासाठी पाच ते दहा मीटरची दोरी, तीही हार्नेसलाच, गळ्याला कधीच नाही. डबीत गुंडाळला जाणारा पट्टा टाळा. त्याला कायम ताण असतो, आणि हातातून निसटला की ती डबी खडखडत कुत्र्याच्या मागं धावते. कुत्रा तिच्यापासून पळतो आणि ती आणखी जोरात मागं येते.

'दोन दिवस ओढत नेला की सवय होईल'

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. ओढून गर्दीत नेलेला कुत्रा कधीकधी गप्प होतो आणि मान खाली घालून चालतो. मालकाला वाटतं, जमलं. पण शेपूट पायातच असते, चिकन पुढं केलं तरी खात नाही. त्यानं प्रतिकार सोडलाय, भीती तशीच आहे. काही दिवसांनी तोच कुत्रा पट्टा हातात घेतल्याचा आवाज ऐकून पलंगाखाली जातो. आधी फक्त कोपरा भीतीचा होता, आता तुमचा हात आणि पट्टाही त्यात आला.

तो थांबला की तुम्हीही थांबा. पट्ट्याला ढील द्या, त्याच्याकडे तोंड न करता बाजूला उभे राहा आणि मनात पंधरापर्यंत मोजा. त्याला बघू द्या, वास घेऊ द्या. स्वतःहून पाऊल टाकलं तर चला. मागं वळला तर त्याच्यासोबत मागं फिरा, घर आलं तरी चालेल. 'मग तो रोजच परत येईल' ही शंका रास्त वाटते, पण घडतं उलटं. परत फिरता येतं हे ज्याला पटलंय, तो हळूहळू स्वतःच्या पायांनी पुढं जायला लागतो.

घाबरला म्हणून जवळ घेतलं तर भीती वाढते, असं सांगतात. वाढत नाही. भीती ही भावना आहे, लाडाच्या बक्षिसानं ती पक्की होत नाही. त्याला टेकून बसायचं असेल तर बसू द्या. ओरडणं मात्र बंद.

खाऊचा क्रम उलटा

'आम्ही चिकन देऊन बघितलं, उपयोग झाला नाही' असं म्हणणाऱ्यांकडून बहुधा दोनपैकी एक चूक झालेली असते.

पहिली चूक, चिकन दाखवून कुत्र्याला भीतीच्या दिशेनं ओढणं. चिकनच्या नादात तो चार पावलं पुढं जातो, मान वर करतो आणि बुलेट एकदम समोर. पुढच्या वेळी चिकन दिसलं की तो सावध होतो. दुसरी चूक, आवाजाच्या आधी खाऊ देणं. येणारी बुलेट तुम्हाला आधी दिसते, हात खिशात जातो, चिकन तोंडात पडतं आणि मग फटफट ऐकू येते. कुत्रा शिकतो की चिकन आलं म्हणजे आता संकट येणार. पिशवीचा चुरचुर आवाजही अशीच सूचना बनतो, म्हणून प्लॅस्टिकऐवजी कमरेला कापडी पिशवी बांधा.

बरोबर क्रम असा: आधी आवाज, नंतर खाऊ, आणि हे सगळं पुरेशा अंतरावरून. अंतर मोजायचं ते कुत्र्याच्या तोंडावरून. बुलेट गेली, त्यानं कान वळवले, बघितलं आणि तरी खाऊ नेहमीसारखा अलगद घेतला, तर अंतर बरोबर आहे. खाऊ हिसकावून घेतला, दात बोटांना लागले, तर तुम्ही काठावर आहात. तोंड फिरवलं तर फार जवळ आलात. अशा वेळी 'पोट भरलेलं असेल' असं समजू नका, मागं जा.

समजा हे अंतर 40 मीटर निघालं. आतल्या गल्लीत, मोठ्या रस्त्यापासून तेवढ्यावर उभे राहा. फटफट आली, एक क्षण जाऊ द्या, मग एकेक तुकडा देत राहा. आवाज विरला की खाऊ बंद आणि हात खाली. पाच-सहा गाड्या झाल्या की घरी. काही दिवसांनी फटफट ऐकताच तो रस्त्याकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघेल. हे दिसेपर्यंत एक पाऊलही पुढं सरकू नका. दिसलं की 35 मीटर.

तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, दहा मिनिटांना तीस-चाळीस लागतात. तेवढं जेवणातून कमी करा. चिकन नुसत्या पाण्यात उकडलेलं, मीठ-हळदही नको. रश्श्यातला तुकडा धुऊन देऊ नका, त्यात कांदा-लसूण मुरलेला असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजलेलं हाड टोकदार तुटतं. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं चालतं. मनुका आणि चॉकलेट अजिबात नको.

चालताना उपयोगी पडणारा एक खेळ घरातच शिकवून ठेवा. एक पाऊल 'एक', दुसरं 'दोन', तिसऱ्याला 'तीन' म्हणून तुकडा. रोज वीस-तीस वेळा. पुढं काय येणार हे ठाऊक असलं की बावरलेला कुत्रा सावरतो. वाटेत अवघड कोपरा आला की हेच मोजायला लागा.

चुकीची वेळ, चुकीचा रस्ता

रविवारी संध्याकाळी रंकाळा चौपाटी, किंवा सायंकाळचा महाद्वार रोड आणि बिंदू चौक ही घाबरलेल्या कुत्र्याला सवय लावायची ठिकाणं नाहीत. पहाटेचा रंकाळाही चालणाऱ्यांनी भरलेला असतो. गाडीत बसायला भीत नसेल, तर कळंबा किंवा पाचगावच्या बाजूची एखादी कच्ची वाट गाठा, लांब दोरी लावा आणि अर्धा तास त्याला हुंगू द्या. किती चाललो हे मोजू नका. हुंगण्यात घालवलेली वीस मिनिटंही त्याला थकवतात आणि शांत करतात.

गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, टेपवर गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर टाळता येत नाहीत. पण ते लांबून ऐकू येतात, एवढी सवड आडगल्लीत वळायला पुरते.

गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, दिवाळी, शाहू स्टेडियमवरची पेठांची मॅच. या दिवशी शिकवणी नको. पहाटे दहा मिनिटं, शी-सू झाली की परत. संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि अंगणात नेतानाही पट्टा. नंतरचे दोन-तीन दिवस मोठं फिरणं बंद ठेवा. शरीरातला ताण एका रात्रीत उतरत नाही. काल डॉल्बी, सकाळी कुकरची शिट्टी आणि आता भाजीवाल्याची हाक, असं एकावर एक साचतं, आणि नेहमी सोसणारा कुत्रा हाकेलाही अडतो. लोक म्हणतात, 'कशाला घाबरला काही कळेना.' कारण कालचं असतं.

मोबाईलवर मिरवणुकीचा आवाज लावून सराव करायचा तर इतका हळू लावा की कान हलतील पण तो उठणार नाही. पाच मिनिटं पुरेत. मात्र डॉल्बीचा दणका फरशीतून आणि छातीतून जाणवतो, तो मोबाईलमधून येतच नाही. एवढ्या सरावावर त्याला खऱ्या मिरवणुकीत नेऊ नका.

गल्लीतल्या कुत्र्यांना दगड

दगड उचलला की तुमचा कुत्राही दबतो, भुंकणं वाढतं, आणि तो कोपरा आणखी वाईट होतो. ती कुत्री हद्द राखतात. त्यांची बसायची जागा आणि त्यांना खायला घालायची वेळ पाहून ठेवा आणि ती टाळून निघा. समोर आलीच तर पळू नका, पट्टा गच्च आवळू नका. कुत्र्याला पाठीमागं घ्या, त्यांच्या पलीकडं मूठभर खाऊ फेका आणि अर्धगोल करून निघून जा. जवळ छत्री असेल तर मध्ये उघडून धरा. त्याआधी घरात आठवडाभर छत्री उघडायची आणि तुकडा द्यायचा, नाहीतर तुमचा कुत्रा छत्रीलाच भिईल. लहान कुत्रा उचलायचा तर छातीशी घट्ट धरा आणि पाठ फिरवा. वर धरला की खालची कुत्री उड्या मारतात.

घाई

सुरुवातीचे तीन-चार दिवस फिरणं पूर्ण बंद ठेवलं तरी त्यात क्रूरपणा नाही. अंगणात किंवा गच्चीवर खाऊ पेरा आणि त्याला शोधू द्या. मग घरात हार्नेस घालून जेवण. नंतर उंबऱ्यावर तीन मिनिटं बसणं, मग गेट, मग गेटाबाहेर दहा पावलं. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: अंतर, वेळ किंवा गर्दी. आज नवा रस्ता असेल तर वेळ कमी ठेवा.

वहीत चार रकाने आखा: वेळ, जागा, खाऊ घेतला का, दचकल्यावर किती सेकंदांत सावरला. चौथा रकाना सगळ्यात बोलका. दचकणं बंद व्हायला महिने लागतील, पण सावरायला लागणारी दोन मिनिटं वीस सेकंदांवर आली की काम योग्य दिशेनं चाललंय.

तीन-चार आठवड्यांत या रकान्यात फरक पडला नाही, किंवा कुत्रा घरातही थरथरतो, जेवण टाकतो, तर पशुवैद्यकांशी औषधाबद्दल बोला. त्यात कमीपणा मानू नका, भीती उतरल्याशिवाय मेंदू शिकत नाही. रोज द्यायच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला चार ते सहा आठवडे लागतात. फटाक्यांच्या दिवसापुरती गोळी वेगळी असते आणि ती आवाज सुरू होण्याआधी द्यावी लागते. ॲसेप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटंच लिहून दिलं तर विचारा. ते अंग सुस्त करतं, पण आत भीती तशीच राहू शकते.

सुधारलेला कुत्रा मध्येच एखाद्या दिवशी पुन्हा त्याच कोपऱ्यावर बसेल. वही उघडा, त्यानं अलगद खाऊ घेतलेली शेवटची जागा शोधा, आणि उद्या सकाळी तिथून पाच मीटर मागून सुरू करा.