सामूहिक परसबाग आणि भिंतचित्र : मराठवाड्यात या चुका टाळा

वसाहतीच्या मोकळ्या जागेत सामूहिक परसबाग करण्याचा उत्साह आपल्याकडे जूनमध्ये येतो आणि एप्रिलपर्यंत ओसरतो, कारण आखणीची सुरुवात रोपांच्या यादीपासून होते, पाण्याच्या हिशेबापासून नाही. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात हा क्रम परवडणारा नाही. एक चौरस मीटर वाफ्याला एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. त्यामुळे १०० चौरस मीटर लागवडीला रोज ५ मिलिमीटर दिले तरी ५०० लिटर लागतात आणि मे महिन्यात पालेभाजीला तेवढेही पुरत नाही. हे पाणी उन्हाळ्यात कोठून येणार, हे ठरेपर्यंत वाफे वाढवू नयेत. उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे कुटार यांचे जाड आच्छादन केल्यास गरज कमी होते.

दुसरी चूक काळ्या मातीविषयीची आहे. ही माती कसदार असली तरी पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि सपाट वाफ्यात मुळे कुजतात, म्हणून गादीवाफेच करावेत. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसू लागल्या की अनेक जण युरिया टाकतात. प्रत्यक्षात ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, कारण चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी शेणखत आणि हिराकसची (फेरस सल्फेटची) सौम्य फवारणी उपयोगी पडते. खात्री नसेल तर माती तपासून घ्यावी. हिराकस भिंतीवर उडाल्यास तांबूस डाग पडतात, हे चित्र काढणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलेले बरे.

भिंतीच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वाफा थेट चित्राखाली करणे. रोजचे पाणी भिंतीच्या पायातून वर चढते, ओल सुकताना क्षार पृष्ठभागावर येतात, लोणा फुटतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यात काळी माती फुगते व आकसते, त्यामुळे भिंतीला भेगा जातात. ज्यांना रंग निकृष्ट वाटतो, त्यांनी आधी भिंतीचा तळ पाहावा. वाफा आणि भिंत यांच्यात किमान दोन फुटांची कोरडी पट्टी ठेवावी, लोणा घासून काढून भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि नवे प्लास्टर महिनाभर सुकल्याशिवाय प्रायमर लावू नये. अजिंठ्याच्या कारागिरांनीही आधी भुसा व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ थर चढवला आणि तो सुकल्यावरच चित्रे रंगवली. आपल्याकडे मात्र उद्घाटनाची तारीख ठरली की भिंत ओली असतानाच ब्रश चालू होतात. दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस या कामाला योग्य आहेत.

चित्र एका चित्रकाराने काढायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, याला सामूहिक कला म्हणणे कठीण आहे. रेषा जाणकाराने आखाव्यात, रंग सर्वांनी भरावेत, आणि खालचा भाग मुलांसाठी राखून ठेवावा. रेषेबाहेर रंग गेला म्हणून कोणी रात्रीत तो गुपचूप सुधारला, तर दुसऱ्या दिवशी येणारे हात कमी होतात.

बागेत मात्र असा मोकळेपणा बारभाई कारभारात बदलतो. पाणी कोणी घालायचे, कुलपाची किल्ली कोणाकडे असेल आणि तोडलेल्या भाजीचे वाटप कसे होईल, हे पहिल्या तोडणीच्या आधी लिहून फलकावर लावावे. भांडणे बहुतेक वेळा वांगी-भेंडीच्या वाटपावरूनच सुरू होतात. जागा महापालिकेची किंवा नगरपरिषदेची असेल तर लेखी परवानगी घ्यावी.

उन्हाळ्यात वाफे रिकामे पडले म्हणून एकत्र येणेही थांबवणे ही शेवटची चूक. ज्येष्ठांना आणि घरात एकट्या असणाऱ्या महिलांना भाजीपेक्षा या सोबतीची गरज अधिक असते. वेळ पहाटेची ठेवावी, बसायला सावली असावी, शेवगा आणि कढीपत्ता एवढीच झाडे जगवावीत आणि त्या दोन महिन्यांत कुदळीऐवजी सुई-दोरा घेऊन सर्वांच्या जुन्या साड्यांची एक गोधडी शिवायला घ्यावी.