ओव्हरक्लॉकसाठी बोर्ड आणि रॅम घेण्याआधी

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यासाठी आधी प्रोसेसर ठरवा. तो ठरला नसेल तर बोर्ड (मदरबोर्ड) बघत बसू नका, उगाच रंगीत दिव्यांवर जीव जडतो. इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी ‘के’ हवा. ‘केएफ’ही चालेल, फक्त त्यात ग्राफिक्स नसतं. आणि ‘के’ घेतला की बोर्ड झेड मालिकेचाच. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) हलत नाही, मग ‘के’चे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? एएमडीकडे एवढी भानगड नाही. रायझन बहुतेक खुलेच असतात आणि बी६५० सारखा मधला बोर्ड पुरतो. ए६२० सोडून द्या. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचा मल्टिप्लायर बंद असतो, तेव्हा त्यांच्यासाठी मोठ्या ओव्हरक्लॉकची तयारी करू नका.

सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, जुळतो का ते बघाच, पण त्याबरोबर रॅमचा प्रकारही बघा. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) चालते. इंटेलच्या एलजीए१७०० वर मात्र काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत आणि काही डीडीआर५ चे, आणि दोघांची नावं सख्ख्या भावांसारखी. शेवटी कुठेतरी ‘डी४’ लिहिलेलं असतं, तेवढाच फरक. दोन्ही प्रकारच्या स्टिकना (रॅमच्या पट्ट्यांना) पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका.

आता रॅम. इथे सावकाश वाचा, कारण मागच्या वेळी मी इथेच आपटलो. रॅम एकाच खोक्यातून आलेली घ्यायची. दोन स्टिकचं एक किट, एकदाच, एकत्र. ‘आत्ता १६ जीबीची एक घेऊ, पुढे दुसरी टाकू’ हा विचार डोक्यात आला की तिथेच थांबा. मी दुसरी आणली ती त्याच कंपनीची, त्याच वेगाची, वरचा आकडा न आकडा सारखा. साध्या वेगाला दोघी गुण्यागोविंदाने चालल्या. एक्सएमपी (रॅमला खोक्यावरच्या वेगाने पळवणारी तयार सेटिंग) चालू केलं आणि बोर्डाच्या कडेला ‘ड्रॅम’ लिहिलेला पिवळा दिवा लागला तो लागलाच, पडदा काळा. एकेकटी लावली तर दोन्ही ठणठणीत! शेवटी सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये एसपीडीचं (रॅमची माहिती दाखवणारं) पान उघडून एकेक स्लॉट बघितला, तर एकीत हायनिक्सची चिप आणि दुसरीत मायक्रॉनची. वरचं लेबल तेच ठेवून आतली चिप बदलणं या धंद्यात सर्रास चालतं, आणि त्यात फसवणूक वगैरे काही नाही. लेबलावर वेग आणि टायमिंग यांचीच हमी असते, आतल्या चिपची नाही. किटमधल्या स्टिक मात्र त्या वेगाला एकत्र तपासूनच खोक्यात भरलेल्या असतात. पैसे त्या तपासणीचे आहेत. म्हणून एकच किट.

याच कारणाने एकसारखी दोन किटं घेऊन चार स्लॉट भरायचे, हेही नको. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन, ६४ हवी तर ३२ च्या दोन. रिकामे दोन स्लॉट डोळ्यांना खुपतात हे कळतं, खुपू द्या. डीडीआर५ मध्ये चार स्टिकचं ओझं मेमरी कंट्रोलरला (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या भागाला) झेपत नाही. रायझन ७००० साठी एएमडीचाच अधिकृत वेगाचा आकडा दोन स्टिकना ५२००, आणि चार लावल्या की थेट ३६००. ओव्हरक्लॉकने त्याच्या वर जाता येतं, पण मग रात्री जागायची तयारी ठेवा.

वेग किती? एएम५ ला ६०००, सीएल३० (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा). इथपर्यंत कंट्रोलर आणि रॅम सहसा बरोबरीने पळतात. फार वर गेलं की कंट्रोलर अर्ध्या वेगावर उतरतो आणि कमावलेलं तिथेच जातं. जुन्या एएम४ वर डीडीआर४ ची ३६०० पुरे. सीएलचा आकडा नुसता बघून काही कळत नाही, त्याला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० सीएल४० म्हणजे १३.३. डीडीआर४ ची ३२०० सीएल१६ म्हणजे पुन्हा १०च. खोक्यावर ६००० ठळक आणि सीएल बारीक छापलेला असेल तर बारीक आधी वाचा. एएमडीसाठी एक्सपो लिहिलेलं किट, इंटेलसाठी एक्सएमपी. दोन्ही असलं तर उत्तमच. ही प्रोफाइल बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पानात) जाऊन स्वतः चालू करावी लागते, नाहीतर ६००० ची रॅम निमूटपणे ४८०० वर चालत राहते आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

मग क्यूव्हीएल, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने स्वतः तपासलेल्या रॅमची यादी. बोर्डाच्या पानावर सपोर्टखाली मिळते. किटचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ‘जवळपास तोच आहे’ म्हणजे तो नाही. यादीत किती स्टिकवर तपासलं तेही दिलेलं असतं. दोनवर तपासलेलं किट दोनदा घेतलं म्हणून ते चारवर तपासलेलं होत नाही! आणि यादीत नसलेली रॅम चालणारच नाही असंही नाही, पण पहिल्यांदा करणाऱ्याने तो जुगार खेळू नये.

बोर्डावर बघायचं ते व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज देणारा भाग. जाहिरातीत फेजचे (व्हीआरएमच्या समांतर तुकड्यांचे) आकडे फुगवलेले असतात, त्यावर जाऊ नका. सॉकेटच्या डावीकडे आणि वर, दोन्हीकडे धातूचे जाड हीटसिंक आहेत का ते बघा, आणि त्याच बोर्डाच्या व्हीआरएमचं तापमान कुणी मोजलं असेल तर ते शोधा. माफक ओव्हरक्लॉकला किती लागतं ते प्रोसेसरवर आहे. ७७००एक्स सुमारे १४२ वॅटवर थांबतो, १४९००के चा इंटेलने दिलेला आकडा २५३. पहिल्याला मधला बोर्ड मजेत पुरतो, दुसऱ्याला नाही. एअर कूलर मोठा असेल तर रॅमची उंची बघा. रॅमवरचे शिंगांसारखे उंच हीटसिंक कूलरच्या पंख्याला अडतात आणि पंखा वर सरकवला की कॅबिनेटची काच लागत नाही.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या. बोर्ड गोदामात जुना पडलेला असतो, नवा प्रोसेसर त्याला ओळखू येत नाही, आणि बायोस बदलायला चालणारा प्रोसेसर लागतो. बटण असलं की पेन ड्राइव्हवर काम भागतं. बायोस नवा टाकायचाच. रायझन ७००० चे काही प्रोसेसर २०२३ मध्ये जळाले, तेव्हापासून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीला २०२४ च्या ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आलेत. जुन्या बायोसवर ओव्हरक्लॉक करू नका.

जोडताना स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. आठ पिनांची सीपीयू केबल विसरू नका. एएम५ वर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहतो, रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं; बटण दाबू नका, चहा पिऊन या. सीएमओएस क्लिअरची (बायोसच्या सेटिंग मूळ जागी आणण्याची) जागा आधीच शोधून ठेवा.

प्रोफाइल चालू, मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) च्या चार फेऱ्या. एक चूक आली तरी नापास. त्यानंतरच प्रोसेसरला हात, एका वेळी एकच गोष्ट. फायलींचा बॅकअप या सगळ्याच्या आधी, कारण बिघडलेली रॅम फायली न सांगता खराब करते. खोकं आणि पावती ठेवा. एक स्टिक मेली तरी अनेक कंपन्या वॉरंटीत दोन्ही परत मागतात. किट अख्खंच बदलून घ्या, एकटी स्टिक विकत आणून जोडी लावायला जाऊ नका.