ड्रॉपडाउनची यादी कुठे ठेवायची: या चुका टाळा

नगरच्या एका क्लासच्या प्रवेश-सॉफ्टवेअरमध्ये अचानक अकोल्याची मुलं वाढायला लागली. काम माझंच होतं, त्यामुळे शोधही मलाच घ्यावा लागला. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तसं मी जिल्हा निवडायच्या ड्रॉपडाउन यादीत बदललं. जुन्या नोंदींत मात्र 'अहमदनगर' हा शब्दच साठवलेला. फोन नंबर दुरुस्त करायला कुणी नोंद उघडली की जुळणारा पर्याय सापडायचा नाही, आणि अशा वेळी ब्राउझर मुकाट्याने यादीतला पहिला पर्याय दाखवतो. अकारविल्हे पहिला कोण? अकोला. सेव्ह दाबलं की मुलगा विदर्भात!

तेव्हा नाव साठवू नका, कोड साठवा. डेटाबेसमध्ये जिल्ह्यांचं वेगळं टेबल करा: कोड, नाव, चालू की बंद. नोंदीत फक्त कोड, त्यावर फॉरेन की, म्हणजे टेबलात नसलेला कोड नोंदीत येऊच न देणारं बंधन. कोड मनाने पाडायचीही गरज नाही. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला तो आहे. मग नामांतर म्हणजे एका ओळीतली दुरुस्ती. यादीत सर्वात वर रिकामा 'जिल्हा निवडा' ठेवा आणि तो तसाच सेव्ह होऊ देऊ नका.

विभाजन झालं तर मात्र कोडही वाचवत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. डहाणू-जव्हारच्या जुन्या पत्त्यांना तालुका बघूनच नवा कोड द्यावा लागतो. तालुका साठवलाच नसेल तर बसा फोन करत.

जुना पर्याय डिलीट करू नका, बंद करा. नव्या अर्जात तो दिसायला नको, पण जुनी नोंद उघडल्यावर दिसलाच पाहिजे.

याच्या उलट चूक म्हणजे सगळंच टेबलात कोंबणं. 'फी भरली / बाकी / परत केली' यावर प्रोग्रामचे निर्णय अवलंबून असतील तर ती यादी प्रोग्रामच्या कोडमध्येच शोभते. ऑफिसातल्या कुणी टेबलात चौथी स्थिती टाकली, तर तिचं करायचं काय हे प्रोग्रामला कुठे ठाऊक असतं?

यादी बदलूनही स्क्रीनवर जुनीच दिसत असेल, तर आधी कॅशे, म्हणजे आधीची साठवून ठेवलेली प्रत, बघा.

आमची 'अकोल्याची' मुलं पिनकोडवरून सापडली. ४१४ने सुरू होणारा पिन अकोल्याचा नसतो. पण म्हणून सरसकट नगर टाकता येईना, कारण बीडच्या आष्टीचा पिनही ४१४२०३ आहे. शेवटी जुना बॅकअप काढून एकेक नोंद ताडली.