रॅपरचे सचित्र चरित्र करताना या चुका टाळा: टुपाक शकूरच्या निमित्ताने

शब्दांत लिहिलेल्या चरित्राला ‘बहुधा’, ‘असे सांगतात’ असा आडोसा घेता येतो. चित्राला ती सोय नसते. भिंत विटांची होती की लाकडाची, खिडकीला गज होते की नव्हते, हे चित्रकाराला ठरवावेच लागते, आणि म्हणून सचित्र चरित्रातल्या चुका मजकुरापेक्षा चित्रांतच जास्त दडलेल्या असतात.

पहिली चूक बहुतेक वेळा पहिल्याच पानावर होते. अमेरिकन रॅपर टुपाक शकूर याच्या आई अफेनी शकूर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते याच पक्षावरून. बॉम्बस्फोटांच्या कटाच्या आरोपाखाली न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या खटल्यात अफेनी गरोदरपणी तुरुंगात होत्या आणि वकील न घेता त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. प्रसंग इतका नाट्यमय आहे की बाळाचा जन्मही गजांआड दाखवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात मे १९७१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या होत्या आणि टुपाकचा जन्म १६ जूनचा आहे.

पार्श्वभूमीची गल्लत याहून सार्वत्रिक आहे. ‘वेस्ट कोस्ट’चा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, रॅपर म्हटले की बालपणाच्या चौकटींतही ताडाची झाडे उगवतात, पण त्याचा जन्म न्यूयॉर्कचा. पुढे बाल्टिमोरच्या कलाशाळेत, म्हणजे एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या शहरात, तो अभिनय, कविता आणि बॅले शिकला. कॅलिफोर्नियात तो आला १९८८ मध्ये, आणि तेही लॉस एंजेलिसला नव्हे, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडच्या मरीन सिटीत. यावर उपाय सोपा आहे: रेखाटनाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक चौकटीखाली वर्ष आणि गाव लिहावे. तसे केले की शाळकरी टुपाकच्या अंगावर टॅटू किंवा कपाळावर पुढे गाठ मारलेला रुमाल काढला जाणार नाही. चेहरा पुढच्या चौकटीकडे वळावा म्हणून संदर्भाचे छायाचित्र संगणकावर आरशातल्यासारखे उलटे केले असेल, तर पोटावर गोंदलेली ‘थग लाइफ’ (Thug Life) ही अक्षरे आधी तपासावीत.

त्या अक्षरांचेच पाहा. ‘ठग’ हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला, म्हणून ‘थग लाइफ’चे मराठी ‘ठगाचे जीवन’ करणे सोयीचे वाटते. पण मराठीत ठग म्हणजे गोड बोलून फसवणारा, आणि टुपाकला अभिप्रेत होता तो समाजाने गुंड ठरवून टाकलेला, हाती काहीच नसलेला तरुण. येथे मूळ शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ एखाद्या संवादातून उलगडणे बरे.

मराठी आवृत्तीत संवादांचे फुगे हमखास कमी पडतात, कारण देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार यांसाठी जादा जागा लागते. शिवाय मोठ्या लिपीतली अक्षरे वापरून इंग्रजीत दाखवतात तो आरडाओरडा येथे अक्षरांच्या जाडीतूनच दाखवावा लागतो. म्हणून आधी अक्षरे मांडावीत, मग फुगा काढावा.

गाण्यांच्या ओळी संवाद म्हणून सर्रास वापरू नयेत. त्यांचे हक्क असतात हे एक कारण, आणि गाण्यातला ‘मी’ म्हणजे कबुलीजबाब नव्हे हे दुसरे. गाजलेल्या छायाचित्रावरून चित्र गिरवून घेणेही निर्धोक नाही: प्रिन्स या गायकाच्या छायाचित्रावरून चित्रकार अँडी वॉरहोलने केलेल्या चित्राच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला.

नायकाची आरती ओवाळणारी चरित्रे १९९५ हे वर्ष मोठ्या सफाईने ओलांडतात. त्या वर्षी ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला तेव्हा टुपाक लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता. त्याने तो गुन्हा अखेरपर्यंत नाकारला हे जरूर लिहावे. पण शिक्षेचे पान गाळू नये.

शेवटच्या पानांवर ७ सप्टेंबर १९९६ च्या रात्रीची लास व्हेगासमधली मोटार येते. गोळीबारानंतर सहा दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. जुने संदर्भ ‘मारेकरी सापडलाच नाही’ एवढ्यावर थांबतात; ते वाक्य आता तसेच उतरवता येणार नाही, कारण २०२३ मध्ये ड्वेन डेव्हिस याला अटक होऊन त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला आणि त्याने तो नाकारला. म्हणून जिच्यातून गोळ्या झाडल्या गेल्या त्या दुसऱ्या मोटारीच्या खिडकीत ओळखू येईल असा चेहरा काढू नये. तेथे काळोखच ठेवावा.