रॅकवर नवीन आलात? आधी रिसीव्हरवरचा विश्वास कमी करा

सुपरमार्केटच्या रेफ्रिजरेशनमध्ये, म्हणजे रॅकवर (सगळ्या दुकानाला थंडावा पुरवणारा कॉम्प्रेसरांचा संच), नव्याने आलेल्यांना माझं पहिलं सांगणं असतं की सिलिंडर गाडीतच राहू द्या. तक्रार येते 'कूलिंग होत नाही', साइट ग्लासमध्ये (लिक्विडच्या पाइपवरची काचेची खिडकी) बुडबुडे दिसतात आणि हात आपोआप गॅसकडे जातो. गॅस मारला की केस (दुकानातलं माल ठेवायचं थंड कपाट) थंड, मॅनेजर खूश, आपण मोकळे. पण बंद सर्किटमधला गॅस वापरून संपत नसतो. कमी झालाय म्हणजे बाहेर गेलाय, आणि जिथून गेला ते भोक अजून तिथेच आहे. शिवाय बुडबुडे तुंबलेल्या ड्रायरमुळेही (ओलावा शोषणारा फिल्टर) येतात, तेव्हा गॅस कमी आहे हेसुद्धा आधी सिद्ध करायचं.

एका मोठ्या रॅकमध्ये शेकडो किलो गॅस असतो आणि जॉइंट मोजायला बसलात तर दिवस जाईल. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार तिथल्या सर्वसाधारण सुपरमार्केटमधून वर्षाला चार्जच्या (भरलेल्या एकूण गॅसच्या) सुमारे 25 टक्के गॅस गळतो. आर-404ए या गॅसचा जीडब्ल्यूपी (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तापमानवाढीची क्षमता) 3922 आहे. म्हणजे 10 किलो गेला की हिशेबात 39 टन कार्बन डायऑक्साइड.

आता रिसीव्हरचा सापळा. मी यात बराच काळ अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

रिसीव्हर म्हणजे लिक्विड झालेल्या गॅसची टाकी, हा साठा आहे. गळती सुरू झाली की आधी हा साठा खाली जातो, आणि तोपर्यंत सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब), केसचं तापमान, साइट ग्लास सगळं ठणठणीत दिसतं. गच्चीवरची टाकी गळत असली तरी ती रिकामी होईपर्यंत नळाला पाणी येतच राहतं, तसंच. कूलिंगची तक्रार येते तेव्हा गळती जुनी झालेली असते आणि बराच माल हवेत गेलेला असतो. म्हणून तक्रारीची वाट न बघता लेव्हलवर लक्ष ठेवायचं, हे बहुतेक जण शिकतात. खरा घोळ याच्या पुढे आहे: लेव्हलसुद्धा सरळ बोलत नाही.

थंडीत हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) टिकवायला व्हॉल्व्ह कंडेन्सरमध्ये (गॅस थंड करून लिक्विड करणारी कॉइल) लिक्विड अडवून धरतो. ते लिक्विड रिसीव्हरमधूनच वजा होतं. लेव्हल पडते, पण गळती नसते. नवखा माणूस घाबरून गॅस भरतो. उन्हाळ्यात तेच लिक्विड परत येतं, रिसीव्हर काठोकाठ भरतो, हेड प्रेशर चढतं. आणि याहून वाईट म्हणजे त्या जास्तीच्या गॅसच्या आड पुढची खरी गळती कित्येक महिने लपते. हीट रिक्लेम (गॅसची उष्णता वाया न घालवता वापरणं) चालू असला की आकडा बदलतो. डिफ्रॉस्टच्या (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) आधी केस पंप-डाउन झाली, म्हणजे लिक्विड बंद करून रिकामी केली, की कॉइलमधलं लिक्विड रिसीव्हरमध्ये येतं आणि लेव्हल वर जाते. एकाच दिवशी, एकाच रॅकवर, एक ग्रॅमही न गळता लेव्हल वरखाली होते.

मग करायचं काय? एकट्या आकड्याला किंमत देऊ नका. लेव्हलसोबत बाहेरचं तापमान, हेड प्रेशर, किती केस डिफ्रॉस्टमध्ये आहेत आणि हीट रिक्लेम चालू की बंद, एवढं लिहा. शक्यतो रोज एकाच वेळी. तुलना करायची ती सारख्या परिस्थितीतल्या नोंदींची. बाहेर तेवढीच थंडी, तेवढंच हेड प्रेशर आणि तरी लेव्हल खाली, मग गळती शोधायचा डिटेक्टर बाहेर काढा. कुठल्याशा वहीत मागच्या थंडीची नोंद सापडली तर ती सोन्यासारखी जपा. हे सुरुवातीला डोक्यावरून जातं. जाऊ द्या, एक उन्हाळा आणि एक हिवाळा त्याच रॅकवर काढलात की बसतं.

शोधायच्या पद्धती तुम्हाला माहीत आहेत, म्हणून मोजकंच. केसचे फॅन चालू ठेवून डिटेक्टर फिरवणं म्हणजे वेळ घालवणं. फॅन बंद करा, थोडं थांबा, आणि तळापासून सुरू करा, कारण हे गॅस हवेपेक्षा जड आहेत. इन्फ्रारेड डिटेक्टर एका जागी धरून बसलात तर तो तिथल्या हवेलाच शून्य मानतो. हळू, पण हलता ठेवा. फ्रीझरची कॉइल चालू असताना आत दाब जेमतेम असतो: आर-404ए ला उणे 30 अंशांना गेजवर 1 बारच्या आसपास. 20 अंशांना तोच 10 बारपर्यंत जातो. म्हणून जिथे डिफ्रॉस्टमध्ये सक्शनही बंद होतं, तिथे डिफ्रॉस्टच्या शेवटी बघा, चालू कॉइलवर न सापडलेलं भोक तेव्हा बोलतं. व्हॉल्व्ह स्वतःच्या मनाने बंद करत सुटू नका. दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये लिक्विड अडकून गरम झालं तर पाइप फुटतो.

आणि एक लीक सापडलं म्हणून सामान आवरू नका. मोठ्या लीकच्या मागे बारकं असतं. बघायच्या जागा: प्रेशर स्विचच्या कॅपिलरी (बारीक नळ्या) जिथे एकमेकींवर घासतात, क्लॅम्प सैल झालेला पाइप, रिलीफ व्हॉल्व्ह, टोपी नसलेले सर्व्हिस पोर्ट. टोपीवरून माझं डोकं फिरतं. पोर्टमधल्या व्हॉल्व्हच्या पिनमधून सावकाश गॅस सुटतो आणि तो अडवणारी टोपी कुणीतरी खिशात घालून घरी गेलेला असतो. गुरू निवडायची संधी मिळाली तर ज्याच्या डब्यात जादा टोप्या आणि वॉशर असतात त्याच्या मागे लागा. 'गॅस मार आणि नीघ' म्हणणाऱ्याकडून वेग शिकाल, काम नाही. फ्लेअरच्या (पाइपचं तोंड पसरवून नटने आवळलेला जोड) आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यापासूनही लांब राहा: तिथे सील धातूवर धातू बसून होतं, आट्यांवर नाही. टॉर्क रेंच वापरा, हसणारे हसू देत. बाटलीतले लीक-सीलर मला मोठ्या रॅकवर पटत नाहीत. ते व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसले तर निस्तरायचं तुम्हालाच.

प्रेशर टेस्ट कोरड्या नायट्रोजननेच. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. सकाळी गेज खाली आलेलं दिसलं तर लगेच हातपाय गाळू नका. 30 अंशांना 20 बार भरून ठेवलंत आणि सकाळी 20 अंश असतील, तर गेज 19.3 च्या आसपास दाखवणारच. पाइप थंड झाला, एवढंच. उलट सकाळी ऊन तापलेलं असेल आणि काटा तिथल्या तिथे असेल, तर मात्र संशय घ्या.

दुरुस्तीनंतर परत जाऊन बघणं कुणालाच आवडत नाही. युरोपच्या नियमांत दुरुस्त केलेली जागा महिन्याभरात पुन्हा तपासावी लागते. नियम नसेल तिथेही जा. कंप आणि तापमानाचे हेलकावे खाल्ल्यावरच नवा ब्रेझिंग जॉइंट (वितळलेल्या धातूने जोडलेला) कसा झालाय ते कळतं. वहीत किती किलो भरला एवढंच न लिहिता कुठल्या केसचा, कुठला जॉइंट, हेही लिहा. वर्षभरानंतर त्याच जॉइंटचं नाव पुन्हा आलं, तर तो नुसता आवळत बसू नका, पाइपचा आधार बदला.