बर्लिनला येताय? आधी आनमेल्डुंग, मग मनासारखं घर

पुण्यात कसं, एजंटला फोन केला, शनिवारी पाच फ्लॅट बघितले, रविवारी टोकन दिलं की पुढच्या आठवड्यात टेम्पो दारात. हा हिशोब डोक्यात धरून बर्लिनला येणार असाल तर विमानात बसायच्या आधीच सोडून द्या. इथे जरा बऱ्या घराची जाहिरात पडली की काही तासांत शेकडो अर्ज जातात आणि घर बघायला गेलात की जिन्यापर्यंत रांग. त्यात भारतात बसून, घर न बघता कायमचं कॉन्ट्रॅक्ट पदरात पाडून घ्यायचं म्हणता, ते फार थोड्यांना जमतं. म्हणून नवीन येणाऱ्या सगळ्यांना मी एकच सांगते, पहिलं घर पत्त्यापुरतं घ्या. थोडं महाग, थोडं लांब, थोडं लहान चालेल, पण त्या पत्त्यावर तुमचं नाव लागलं पाहिजे. मनासारखं घर मग गावात राहून निवांत शोधा.

नाव लावणं म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून 14 दिवसांत ब्युर्गरआम्टात (आपलं वॉर्ड ऑफिस म्हणा) जाऊन नोंद करायची. पुढचं सगळं ह्या एका कागदावर अडून बसतं. नोंद झाली की दोन-तीन आठवड्यांत पोस्टाने टॅक्स आयडी येतो, तो नसला तर कंपनी पगार सहाव्या, म्हणजे सगळ्यात जास्त टॅक्स कापणाऱ्या, टॅक्स क्लासमध्ये टाकू शकते आणि मग हातात आलेला आकडा बघून रडायला येतं. जास्तीचा कापलेला टॅक्स नंतर परत मिळतो हे खरं, पण डिपॉझिट भरायचं असतं पहिल्याच महिन्यात, तेव्हा त्या नंतरचा काय उपयोग! रेसिडेन्स परमिटला तोच कागद, बऱ्याच बँकांना तोच कागद.

त्यामुळे तात्पुरतं घर बघताना भाड्याच्याही आधी विचारायचं, आनमेल्डुंग मिळेल का? मालकाने सही करून एक अर्ध्या पानाचा फॉर्म द्यावा लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, नाव वाचून घाबरू नका. नुसतं कॉन्ट्रॅक्ट नेलं तर परत पाठवतात. पोटभाड्याने खोली देणारे बरेच जण "राहा पण आनमेल्डुंग नाही" म्हणतात, कारण त्यांनी स्वतःच्या मालकाला विचारलेलं नसतं. अशी जागा कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. आणि पैसे घेऊन नुसता पत्ता विकणारेही भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. जिथे राहत नाही तिथली नोंद बेकायदेशीर आहे आणि असा पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

अपॉइंटमेंट मिळणं हा वेगळाच खेळ आहे. बर्लिनमधल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टात चालतं, घराजवळचंच पाहिजे असं नाही, त्यामुळे मार्झान मिळो नाहीतर श्पांडाऊ (शहराची दोन टोकं), घेऊन टाका. सकाळी लवकर साइट रिफ्रेश करत बसा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात, नाहीतर 115 ह्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. अपॉइंटमेंट वेळेत बुक केलेली असेल आणि तारीखच पुढची मिळाली असेल तर सहसा कुणी काही म्हणत नाही, बुकिंगचा मेल मात्र जपून ठेवा.

त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो चर्च टॅक्ससाठी आहे. बर्लिनमध्ये तो इन्कम टॅक्सच्या 9 टक्के. हिंदू, बौद्ध, जैन वगैरेंना तो लागू नाही. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मंडळींनी मात्र काय लिहायचं ते घरून ठरवून जावं, खिडकीसमोर उभं राहून विचार करायला वेळ मिळत नाही.

आता एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच. बिल्डिंगचा नंबर आणि तुमचं आडनाव, बस्स. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, पिन, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड सगळं पोस्टाने येतं, म्हणजे पेटीवर नाव नाही तर तुम्ही बर्लिनमध्ये नाहीच. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तरी किल्ली मिळाल्या दिवशी चिठ्ठीवर आडनाव लिहून पेटीला आणि बेलला चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही.

हे मार्गी लागलं की मग खरं घर. जाहिरात वाचायला शिका आधी. दोन त्सिमर म्हणजे हॉल धरून दोन खोल्या, किचन-बाथरूम त्यात मोजत नाहीत, म्हणजे आपला वन बीएचके. काल्टमिटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममिटे म्हणजे त्यात मेंटेनन्स, पाणी आणि बहुतेक वेळा हीटिंग धरून. वीज आणि इंटरनेट त्याच्याही बाहेर. वार्ममधली वरची रक्कम अंदाजाने घेतलेली असते, वर्षाचा हिशोब नंतर येतो, थंडीत हीटर पाचवर ठेवून खिडकी उघडी टाकलीत तर तेव्हा समजेल. जाहिरातीत डब्ल्यूबीएस (कमी उत्पन्नाचा सरकारी दाखला) पाहिजे असं लिहिलं असेल तर ते कमी उत्पन्नवाल्यांसाठीचं घर, आयटीच्या पगारावर त्यात वेळ घालवू नका.

शोधायचं कुठे तर इम्मोस्काउट, क्लाइनअनत्साइगन, खोली हवी असेल तर वेगे-गेझुख्ट. शिवाय डेगेवो, गेवोबाग, होवोगे अशा सरकारी मालकीच्या कंपन्या आहेत, त्यांची घरं इनबर्लिनवोनेन ह्या साइटवर एकत्र दिसतात. भाडं त्यातल्या त्यात माफक, म्हणून गर्दीही तेवढीच, पण अर्ज टाकत राहायला काय जातं. इलाक्याचा हट्ट धरू नका. सगळ्यांना रिंगच्या आत, म्हणजे एस-बान (इथली लोकल) गोल फिरते त्या पट्ट्यातच घर हवं असतं, पण श्पांडाऊहून मेन स्टेशनला रिजनल ट्रेनने पंधरा मिनिटं लागतात. ठाण्याहून दादरला लोकलला लटकून गेलेल्या माणसाने ह्याला लांब म्हणू नये.

मालक कागद मागतो ते एका पीडीएफमध्ये तयार ठेवा: पासपोर्ट आणि व्हिसा, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, शूफा रिपोर्ट. शूफा म्हणजे इथला सिबिल. नवीन माणसाचा त्यात काही इतिहास नसतो, पण तोही रिपोर्ट जोडायचा, कर्ज-थकबाकी नाही एवढं तरी दिसतं. हातात येणारा पगार काल्टमिटेच्या तिप्पट असावा अशी साधारण अपेक्षा असते. अर्जाबरोबर चार ओळी जर्मनमध्ये लिहा, कोण आहात, कुठे काम करता, किती जण राहणार. इंग्लिशमधल्या लांबलचक पत्रापेक्षा त्या मोडक्यातोडक्या चार ओळींना उत्तर येतं, हा माझाच नाही इथल्या बहुतेकांचा अनुभव आहे.

पैशाचं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमिटे, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने आहे. ब्रोकरला तुम्ही काही द्यायचं नाही, 2015 पासून ज्याने ब्रोकर लावला त्याने पैसे द्यायचे असा नियम आहे, म्हणजे बहुतेक वेळा मालकानेच. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भाड्यावर मर्यादाही आली, नवीन कॉन्ट्रॅक्टचं भाडं त्या भागातल्या तशाच घरांच्या तुलनात्मक भाड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त नको. पण 2014 नंतरच्या नव्या बिल्डिंगा त्यातून सुटतात आणि फर्निश्ड घरांत मालक फर्निचरच्या नावाखाली वाटेल ते लावतात, म्हणून तर तात्पुरतं घर एवढं महाग पडतं. फसवणारे सगळीकडे आहेतच: फोटो झकास, भाडं निम्मं, मालक कायम परदेशात, किल्ली कुरिअरने येणार, आधी पैसे पाठवा. घर प्रत्यक्ष बघून कॉन्ट्रॅक्टवर सही होईपर्यंत एक युरोही द्यायचा नाही.

आणि हो, किचन! बरीच घरं किचनशिवाय मिळतात. म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, भिंतीतून पाण्याचा पाइप तेवढा बाहेर आलेला. छताला दिव्याऐवजी वायर लोंबत असते. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन विकत देतो म्हणाला तर घासाघीस करा आणि घ्या, नवीन बसवायला पैसे तर जातातच, शिवाय आठवडेच्या आठवडे बाहेरचं खावं लागतं. शेगडी बहुतेक विजेची असते, फुलक्यासाठी जाळी भारतातून आणा, आणि इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर-तवा चालत नाही, एवढं वजन उगाच वाहून आणू नका. कोथिंबीर, पुदिना, वांगी तुर्की दुकानात झकास मिळतात, मायबाखउफरचा बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी. रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवा.

बाथरूमच्या फरशीला बऱ्याच घरांत मोरीच नसते. बादली-मग घेऊन शॉवर-टबच्या बाहेर अंघोळ केलीत, फरशीवर पाणी ओतून धुतलीत, तर खालच्याच्या छतातून गळणार आणि भरपाई तुमच्याकडून. ह्यासाठी, आणि किल्ली हरवली तर, हाफ्टफ्लिख्ट इन्शुरन्स (तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) पहिल्याच महिन्यात घ्या. वर्षाला थोडकेच पैसे पडतात पण पॉलिसीत किल्लीचं कलम आहे ना ते बघून घ्या, कारण अख्ख्या बिल्डिंगची कुलपं बदलायची वेळ आली तर आकडा ऐकवत नाही. रात्री 10 नंतर आणि रविवारी शांतता पाळायची, ड्रिल नाही, शेजारी कुरकुरा असेल तर मिक्सरही नाही, इडलीचं शनिवारी वाटून ठेवा. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, फोडणीचा वास जातो ते सोडा, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि मालक ते डिपॉझिटमधून कापायला बघतो. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मीटरचे आकडे लिहून घ्या, दोघांच्या सह्यांचा कागद करा.

नोंद झाल्यावर एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीचे महिन्याला 18.36 युरो भरा म्हणून. आमच्याकडे टीव्ही नाही हे कारण चालत नाही, भरायलाच लागतात, पण घरटी एकदाच, त्यामुळे चौघं मिळून राहत असाल तर एकानेच भरून वाटून घ्या.

कायमचं घर मिळालं की तात्पुरत्या घराची नोटीस कॉन्ट्रॅक्टमध्ये बघून द्या. साध्या भाडेकराराला तीन महिने लागतात आणि सही केलेलं पत्रच द्यावं लागतं, व्हॉट्सॲप-ईमेल धरत नाहीत. नवीन पत्त्याची नोंद परत 14 दिवसांत. पोस्टात पैसे भरून जुन्या पत्त्यावरची पत्रं नवीन घरी वळवून घ्या, आणि पेटीवर नाव लावायला विसरू नका.