विषाणूचा नेमका कोणता तुकडा हेल्पर टी पेशी ओळखतात, हे तपासायचं कसं

हेल्पर टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला अख्खा विषाणू दिसत नाही. विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा दुसऱ्या पेशीच्या एचएलए वर्ग २ रेणूच्या (तुकडे पृष्ठभागावर मांडणाऱ्या रेणूच्या) खाचेत बसलेला असेल, तरच तो कळतो. ही खाच दोन्ही टोकांना उघडी असते, त्यामुळे तुकडा १३ ते २५ अमिनो आम्लांचा चालतो; खाचेत बसतात मात्र नऊच. त्यांतली साधारण १, ४, ६ आणि ९ क्रमांकाची खाली रुततात, रिसेप्टर चाचपतो तो मधल्या उरलेल्यांना.

म्हणून पेप्टाइडं (प्रथिनाचे कृत्रिम तुकडे) १५ अमिनो आम्लांची, शेजारच्याशी ११ सामाईक अशी मागवा. मग नऊचा गाभा कुठेच तुटत नाही. कोविडच्या विषाणूचं एम प्रथिन २२२ अमिनो आम्लांचं. त्याची ५३ पेप्टाइडं होतात.

गडबड होते ती इथे. प्रत्येक पेप्टाइड डीएमएसओमध्ये (पेप्टाइड विरघळवणाऱ्या द्रावकात) मिलिलिटरला १० मिलिग्रॅम विरघळवून ५३ एकत्र केली, की मिश्रणात प्रत्येकाचं प्रमाण मिलिलिटरला जेमतेम ०.१९ मिलिग्रॅम उरतं. पेशींना प्रत्येक पेप्टाइड मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम द्यायचं तर डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर जातो, पेशी मलूल होतात आणि निकाल कोरा येतो. २७ आणि २६ असे दोन गट केले की तो ०.२७ टक्क्यांवर येतो. आणि जुलैत मुंबईच्या हवेत फ्रीझरमधली सुक्या पेप्टाइडची कुपी लगेच उघडू नका. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावडर ओल धरते.

रक्त हेपारिनच्या नळीत घ्या, आठ तासांच्या आत त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करा. विरार-कल्याणहून परळला नमुना येत असेल तर बर्फात नको, उन्हात तापलेल्या डिकीतही नको. १८ ते २५ अंश बरे. पेशी वेगळ्या करायचं जड द्रावण, फायकॉल, तेही तेवढ्याच तापमानाचं हवं. सेंट्रिफ्यूज ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक लागला की थर ढवळलाच म्हणून समजा.

प्लेटच्या एका वाटीत (वेलमध्ये) दहा लाख पेशी. एकीत पेप्टाइडांचा गट, एकीत तेवढाच नुसता डीएमएसओ, एकीत पीएचए (टी पेशींना हमखास चेतवणारा पदार्थ). ३७ अंशांवर २० ते २४ तास ठेवून सीडी४ पेशींवर (म्हणजे हेल्पर टी पेशींवर) सीडी१३४ आणि सीडी१३७ ही चेतल्याची दोन्ही चिन्हं एकत्र उमटलीत का ते फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) मोजा आणि डीएमएसओचा आकडा वजा करा. पीएचएच्या वाटीत काहीच नसेल तर बाकीचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद आला म्हणजे संसर्ग झालाच होता असं नाही. सर्दीच्या जुन्या कोरोनाविषाणूंमुळेही तो येतो. शिवाय बाहेरून दिलेलं पेप्टाइड थेट एचएलएच्या खाचेत बसतं, पेशीने ते स्वतः कापलेलं नसतं. पेशी स्वतः तो तुकडा कापते का हे पडताळायला अख्खं प्रथिन देऊन पाहा. गटातली पेप्टाइडं एकेक तपासून नेमकं पेप्टाइड सापडलं की एचएलए-डीआर (वर्ग २ मधला एक प्रकार) अडवणारं प्रतिपिंड घालून पुन्हा मोजा. प्रतिसाद घटला तर तो डीआरमार्गेच येत होता. न घटल्यास वर्ग २ चे उरलेले प्रकार, डीपी आणि डीक्यू, तपासायचे.